अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा डोळा अर्धा उघडा दिसला तर

कपाशी_पारोळा

नमस्कार मंडळी. ज्यांच्या घरचं कुणी आज व्हेंटिलेटरवर आहे त्यांनी आधी एवढंच वाचावं, बाकीचं सवडीने. भेटायला आत गेलात की रुग्णाच्या दोन्ही पापण्या पूर्ण मिटल्या आहेत का ते बघा. फटीतून पांढरं किंवा काळं काहीही दिसत असेल तर तिथल्या सिस्टरला तेव्हाच सांगा. बाहेर आल्यावर सांगू म्हणून ठेवू नका.

आता आमच्याकडे काय झालं ते लिहितो.

माझा मोठा भाऊ, वय 43. ऑगस्टमध्ये कपाशीवर फवारणी करत होता. पाठीवरचा पंप झाकणापाशी गळत होता, सदरा भिजला, तरी चार तास तसाच काम करत राहिला. संध्याकाळी तोंडाला लाळ, अंगाला दरदरून घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. 108 बोलावली. इंजेक्शनं सुरू झाली, बाहुल्या मोठ्या झाल्या, आम्हाला वाटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी रात्री त्याला मान उचलता येईना, श्वास वरच्यावर होऊ लागला. नळी टाकून व्हेंटिलेटरवर घेतलं. 9 दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. त्याचा जीव तिथल्या डॉक्टर-सिस्टर लोकांनीच वाचवला, हे आधी लिहितो आणि मनापासून लिहितो.

भेटीची वेळ संध्याकाळी अर्धा तास, एका वेळी एकच जण. आई रोज जायची. तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली ती डोळे पुसत आणि हसत. म्हणाली, "दख रे, मनाकडे दखी ऱ्हायना तो." डावा डोळा अर्धा उघडा होता. आम्हा सगळ्यांना केवढा धीर आला. दुसऱ्या दिवशी वहिनीने त्या डोळ्यासमोर लेकीचा फोटो धरला. मी गेलो तेव्हा मीही मुद्दाम डाव्या बाजूला उभा राहून बोललो.

मी अगदी वाकून बघितलं होतं, म्हणून आज जास्त लागतं. बुबुळाचा खालचा भाग फटीत दिसत होता. आपल्या डोळ्यात ट्यूबलाइटची रेघ कशी सरळ, लखलखीत दिसते. त्याच्या बुबुळावर ती तुटक तुटक, मळकट दिसत होती. मला वाटलं पाणी आलं असेल डोळ्यात. त्याला गुंगीचं औषध चालू होतं, त्याला काहीही दिसत नव्हतं आणि तो डोळा तासातासाने वाळत होता.

सहाव्या दिवशी डोळा लाल झाला, कोपऱ्यात पिवळट चिकट घाण. मी विचारलं तर "अशा रुग्णांना होतं, नळी निघाली की बरं होईल" असं उत्तर मिळालं. नळी निघाली. त्याचं पहिलं बोलणं घोगऱ्या आवाजात, "भाऊ, मना डोयामा रेती गयी." धूसर दिसतं म्हणाला. आधीच्या इंजेक्शनांमुळे बाहुल्या मोठ्या आहेत, चार दिवस धूसर दिसणारच, असं सांगितलं गेलं. ते खरंही होतं. पण ते दोन्ही डोळ्यांना लागू होतं, आणि हा एकट्या डाव्या डोळ्याबद्दल सांगत होता. यात तीन दिवस गेले. शेवटी नेत्रतज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी डोळ्यात नारिंगी पट्टी टेकवली, निळा दिवा लावला, आणि बुबुळाच्या खालच्या भागात आडवा पट्टा हिरवागार चमकला. मध्ये पांढरा ठिपका. जखमेत जंतुसंसर्ग झाला होता. तासातासाला थेंब, रात्रीसुद्धा. वहिनी गजर लावून उठायची.

आज डोळा शांत आहे, पण बुबुळावर फूल पडलं आहे. त्या डोळ्याने फळ्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं वाचतो.

रुग्णालयाचं नाव लिहिणार नाही, कृपया व्यक्तिगत निरोपातही विचारू नका. मला जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे. हे होतं कसं, किती जणांचं होतं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसाच्या हातात नेमकं काय असतं?

नेत्रवैद्य_भुसावळ

भाऊ, तुम्ही ट्यूबलाइटच्या तुटक रेघेचं जे लिहिलंय ते वाचून थांबलो. आम्ही टॉर्च मारून नेमकं तेच बघतो. निरोगी बुबुळ ओल्या काचेसारखं असतं, त्यात दिव्याचं प्रतिबिंब अखंड दिसतं. पृष्ठभाग वाळला, खरवडला की प्रतिबिंब फुटतं. तुम्हाला ते दिसलं होतं, त्याचा अर्थ सांगणारं कुणी शेजारी नव्हतं.

होतं कसं ते सांगतो. आपण जागेपणी मिनिटाला साधारण 15-20 वेळा पापणी मिटतो. प्रत्येक वेळी अश्रूंचा पातळ थर बुबुळावर नव्याने सारवला जातो. आपण ज्याला काळं बुबुळ म्हणतो त्याच्यावरची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, म्हणूनच ते पारदर्शक असतं. प्राणवायू त्याला बराचसा अश्रूंतून मिळतो. अश्रूंत जंतू मारणारी द्रव्यंही असतात. म्हणजे पापणीची उघडझाप थांबली की पाणी, श्वास आणि राखण, तिन्ही एकदम जातात.

झोपेत आपल्यातल्या कितीतरी जणांची पापणी थोडी उघडी राहते. तरी काही होत नाही, कारण मिटताना बुबुळ आपोआप वर सरकून पापणीखाली लपतं. खोल गुंगीत, आणि स्नायू सैल करणारी औषधं चालू असताना, पापणी मिटणारा स्नायूही ढिला पडतो आणि हे वर सरकणंही भरवशाचं राहत नाही. मग फटीत पांढऱ्याऐवजी बुबुळाचा खालचा भाग येतो. म्हणून जखम बहुतेक वेळा खालच्या तिसऱ्या भागात, आडव्या पट्ट्यासारखी असते. तुमच्या भावाची तशीच होती.

फवारणीच्या विषबाधेत आणखी दोन गोष्टी जुळून येतात, आणि आपल्या खान्देशात कपाशीच्या हंगामात हे रुग्ण किती येतात ते सगळ्यांना माहीत आहे. सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकाने साधारण पहिल्या एक ते चार दिवसांत मान, चेहरा आणि श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. मान उचलता येईना असं तुम्ही लिहिलंत, ती त्याचीच खूण. पापणी मिटणारा स्नायूही त्यातच येतो. दुसरं, जीव वाचवणारं अॅट्रोपिन लाळ आणि कफाबरोबर अश्रूही आटवतं. ते द्यावंच लागतं, त्याला पर्याय नाही. फक्त असा रुग्ण आला की डोळ्यांची काळजी पहिल्या तासापासून घ्यायची, हे डोक्यात हवं.

किती जणांना होतं? गुंगीत ठेवलेल्या रुग्णांच्या वेगवेगळ्या पाहण्यांत बुबुळाची वरवरची इजा साधारण 20 ते 42 टक्के रुग्णांत सापडली आहे, बहुतेकांना पहिल्या आठवड्यातच. त्यातल्या बऱ्याच जखमा वेळेवर मलम मिळालं की दोन-तीन दिवसांत भरून येतात. भीती असते ती त्या उघड्या जखमेत जंतू शिरण्याची. अतिदक्षता विभागातले जंतू चिवट असतात. स्युडोमोनास नावाचा जंतू तर दीड-दोन दिवसांत बुबुळ वितळवून भोक पाडू शकतो. म्हणून डोळा लाल, चिकट घाण आणि बुबुळावर पांढरा ठिपका, यातलं काही दिसलं की नेत्रतज्ज्ञ त्याच दिवशी यायला हवा. उद्यावर ढकलायचं नाही.

रात्रपाळी

मी अतिदक्षता विभागात 14 वर्षं सिस्टर आहे. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे काम केलंय. दादांबद्दल वाचून खूप वाईट वाटलं. आमच्या बाजूने काय करायचं असतं ते लिहिते, कारण नातेवाइकांना ते माहीत असलं तर आम्हालाही मदतच होते.

बाहुल्या बघायला आम्ही दिवसातून कितीतरी वेळा रुग्णाची पापणी उचलतो, टॉर्च मारतो, तक्त्यावर लिहितो. म्हणजे डोळ्यापाशी हात जातोच. पण नजर बाहुलीवर असते. पापणी सोडल्यावर ती पूर्ण मिटली का, हे बघायला आणखी पाच सेकंद लागतात आणि तेच राहून जातात. माझ्याकडूनही राहिलेत.

बघायची पद्धत सोपी आहे. पापणी पूर्ण मिटलेली, फट नाही: शून्य. पांढरं दिसतं पण काळं बुबुळ दिसत नाही: एक. बुबुळाचा कितीही बारीक भाग दिसतो: दोन. शून्य असेल तर स्वच्छता ठेवायची आणि प्रत्येक पाळीत परत बघायचं, कारण गुंगीचा डोस वाढला की शून्याचे दोन व्हायला वेळ लागत नाही. एक असेल तर दर 4 तासांनी डोळ्याचं वंगणाचं मलम. दोन असेल तर मलम लावून पापणी मिटवायची आणि कागदी चिकटपट्टी लावायची.

मलम लावताना आधी निर्जंतुक पाण्याने किंवा सलाईनने निर्जंतुक गॉज भिजवून डोळा पुसायचा, नाकाच्या बाजूकडून कानाच्या बाजूकडे, एका पुसण्याला एकच बोळा. मग खालची पापणी बोटाने ओढायची, आतल्या गुलाबी खाचेत आतून बाहेर मलमाची बारीक रेघ सोडायची, ट्यूबचं टोक कुठेही टेकू द्यायचं नाही. पापणी हलकेच मिटवायची. पापणीच्या वरून चोपडलेलं मलम आत जात नाही, आणि मी ते तसं चोपडलेलं खूप ठिकाणी बघितलंय. ट्यूब त्या रुग्णाचीच, दुसऱ्याला नाही.

पट्टी लावताना पापणी आधी पूर्ण मिटलेली हवी, पट्टी वरच्या पापणीच्या केसांवर आडवी. मलम सगळीकडे माखलं असेल तर पट्टी चिकटत नाही, मग ती घसरते आणि तिची कडच उघड्या बुबुळावर घासते. ते काहीही न लावण्यापेक्षा वाईट. काही विभागांत भुवईपासून गालाच्या हाडापर्यंत पातळ पारदर्शक पॉलिथिनचा पडदा बसवतात. आत स्वतःचीच वाफ धरून ओलावा राहतो, आणि डोळा बाहेरून दिसतोही. नुसत्या मलम-थेंबांपेक्षा याने जखमा कमी होतात असं अभ्यासांत दिसलंय. महागडं काहीच नाही यात.

आता सक्शन. नळीतला कफ ओढून काढल्यावर सक्शनची बारीक नळी बाहेर काढताना ती चेहऱ्यावरून फिरवली तर कफाचे शिंतोडे थेट उघड्या डोळ्यात पडतात. जंतू छातीतले, पोचले बुबुळावर. म्हणून डोक्यामागे उभं राहून नळी चेहऱ्यावरून ओढायची नाही, बाजूला उभं राहायचं आणि त्या वेळी डोळे झाकायचे. नव्या मुलींना मी हे पहिल्या दिवशी शिकवते.

जळगाव_वाचक

धागाकर्ते, तुम्ही फार समजूतदारपणे लिहिलंय, पण हा सरळ निष्काळजीपणा आहे. तक्रार करायलाच हवी होती. माणसाचा डोळा गेला.

कपाशी_पारोळा

साहेब, राग मलाही आला होता. अजूनही रात्री येतो. दादाचं म्हणणं असं की आधी डोळा, मग बाकी सगळं. आम्ही कागद सगळे मागून घेतलेत, नक्कल फाइलला आहे. पुढे काय करायचं ते तो ठरवेल, डोळा त्याचा आहे. या धाग्यावर मला तो विषय नको.

रात्रपाळी

जळगाव_वाचक, तुमचं चुकीचं आहे असं म्हणणार नाही. जिथे चूक झाली तिथे ती चूकच. फक्त एक सांगते. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक सिस्टर असावी असं आम्ही शिकलो. मी एका रात्रीत चार व्हेंटिलेटर सांभाळले आहेत. रक्तदाब पडतोय, पंपातलं औषध संपतंय, बाजूचा अलार्म वाजतोय, तेव्हा डोळ्याला आवाज नसतो. डोळा वाळला म्हणून कुठलाही मॉनिटर ओरडत नाही. म्हणूनच तक्त्यावर बाहुलीच्या रकान्याशेजारी पापणीचा एक रकाना हवा. आमच्याकडे मी तो हाताने आखायला लावला. आकडा लिहायचा म्हटलं की माणूस बघतोच.

माझी एक पेशंट होती, बाळंतपणानंतर झटके आलेली, 22 वर्षांची. वाचली. जाताना मला पेढे दिले आणि म्हणाली, "सिस्टर, या डोळ्याने बाळ नीट दिसत नाही." त्या तीन रात्री माझ्याच होत्या. त्यानंतर रकाना आला.

गिरणाकाठ

मी भडगावचा. रुग्ण म्हणून लिहितोय, म्हणून कदाचित उपयोग होईल.

मला जीबीएस झाला होता, गिलियन बारे सिंड्रोम. पायापासून लुळेपणा चढत आला आणि आठव्या दिवशी चेहरा गेला. 26 दिवस व्हेंटिलेटर, गळ्याला भोक पाडून नळी. फरक असा की मी पूर्ण शुद्धीवर होतो. सगळं ऐकू येत होतं, कळत होतं, फक्त बोट हलवता येत नव्हतं आणि पापण्या मिटता येत नव्हत्या. वरून एसीची झोत येत होती, ती सरळ चेहऱ्यावर. तुमच्या डोळ्यात मिरचीचा हात लागला आणि तो धुता आला नाही, दिवसभर, असं समजा. मी रडूही शकत नव्हतो. डोळ्याला पाणी आलं की लोक म्हणायचे भावुक झाला.

माझ्या मामेबहिणीने ओळखलं. तिने विचारलं, डोळा झोंबतो का? हो असेल तर बाहुल्या वर कर. मी वर केल्या. तिने सिस्टरला बोलावलं, पट्टी लागली, झोत वळवली. त्या रात्री मी आठवडाभरात पहिल्यांदा झोपलो.

पट्टी लावली की आंधळं व्हायला होतं, भीती वाटते. जागा रुग्ण असेल तर आधी सांगा: आता डोळा मिटवतोय, इतक्या वेळाने उघडू. आमच्याकडे ठरलं होतं, भेटीच्या वेळी पट्टी काढायची, मलम पुसून थेंब घालायचे, मी माणसं बघायची, आणि जाताना परत मिटवायचा. दोन्ही डोळे आज ठणठणीत आहेत.

नेत्रवैद्य_भुसावळ

गिरणाकाठ, तुमच्या मामेबहिणीला माझा नमस्कार सांगा. जीबीएसमध्ये डोळ्याच्या हालचाली बऱ्याचदा शाबूत राहतात, त्यामुळे 'हो तर वर बघ' ही खूण चालते. झोतेचा मुद्दाही फार मोलाचा. बायपॅपच्या (नळी न टाकता मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्राच्या) मास्कवर असलेल्या रुग्णांचंही असंच. मास्क नाकाच्या दांड्यापाशी नीट बसला नाही की गळती हवा सुसाट वर जाते, थेट डोळ्यात. हाताचा पंजा डोळ्यापुढे धरून बघा, वारा लागतो.

तापीकाठ

आमच्याकडे रावेर भागात डोळा कोरडा पडला की मध घालतात, नाहीतर गुलाबजल. आईचं दूधसुद्धा. आत जाताना लपवून नेऊन घालता येईल का? रसायनापेक्षा बरं ना? माझ्या काकू 5 दिवसांपासून आत आहेत, पापणी उघडी दिसते म्हणून विचारतो.

नेत्रवैद्य_भुसावळ

कृपा करून नका घालू. तुमची कळकळ समजते, पण काकूंचं बुबुळ आधीच सोललं गेलं असेल तर घरचा मध, दूध, गुलाबजल म्हणजे जखमेवर जंतूंना खाऊ. निर्जंतुक नसलेलं काहीही नको, तूप नाही, एरंडेल नाही, काजळ तर नाहीच. आणि औषधाच्या दुकानातून 'लाल डोळ्याचे थेंब' म्हणून काही नेऊ नका. त्यात स्टेरॉइड निघालं तर संसर्ग भडकतो.

आज भेटीच्या वेळी सिस्टरांना एवढंच म्हणा: "काकूंची पापणी पूर्ण मिटत नाही, मलम चालू आहे का?" डोळा लाल असेल तर थेट डॉक्टरांना, "नेत्रतज्ज्ञांना एकदा दाखवता येईल का?" विचारण्यात काही गैर नाही. आणि कळवा.

वरणगाव_गुरुजी

मी निवृत्त शिक्षक, नेत्रदानाचं काम करतो. कुणी गेल्याचा फोन आला की आम्ही घरच्यांना आधी तीन गोष्टी सांगतो: पापण्या मिटा, वर ओला कापूस ठेवा, पंखा बंद करा. बुबुळ वाळलं तर 6 तासांच्या आत पोचूनही उपयोग होत नाही. किती गावांत हे सांगत फिरलो. आणि आज हा धागा वाचून सुन्न झालो, कारण जिवंत माणसाच्या बुबुळालाही तेच लागतं हे इतक्या वर्षांत माझ्या मनात कधी आलं नाही. माझी स्वतःची बहीण 12 दिवस आत होती. पुढच्या कार्यक्रमापासून दोन्ही गोष्टी एकत्र सांगणार.

रात्रपाळी

गुरुजी, किती खरं लिहिलंत. एक दुरुस्ती मात्र करते, राग मानू नका. जिवंत रुग्णाच्या डोळ्यावर ओला कापूस किंवा ओला गॉज ठेवून देऊ नये. एसीत तो अर्ध्या तासात वाळतो, मग खरखरीत होऊन बुबुळाला घासतो, आणि डोळ्याचंच पाणी शोषून घेतो. पूर्वी आम्हीही ठेवायचो, आता नाही. पुसायला गॉज, ठेवायला नाही.

भूलतज्ज्ञ

थोडी भर घालतो. एक वेगळा प्रकार नातेवाइकांना फार घाबरवतो: डोळ्याचा पांढरा भाग जेलीसारखा फुगून पापण्यांमधून बाहेर डोकावतो. ही पांढऱ्यावरच्या पातळ पडद्याची सूज. व्हेंटिलेटरच्या दाबामुळे छातीतला दाब वाढतो, डोक्यातलं रक्त खाली यायला अडखळतं, अंगात पाणी साठलेलं असतं, नळी बांधायची पट्टी मानेभोवती घट्ट असते, यातून ती येते. मूळ कारण सुधारलं की बहुधा ओसरते. पण सूज असेपर्यंत पापणी मिटत नाही, म्हणून मलम आणि ओलावा जास्तच सांभाळावा लागतो. उशाकडची बाजू वर ठेवणं, मानेची पट्टी तपासणं, एवढ्यानेही फरक पडतो.

कोविडच्या काळात आपण कितीतरी रुग्ण पालथे ठेवले. पालथ्या रुग्णाचं डोळ्याशी वेगळंच नातं असतं: खालचा डोळा गादीवर दाबला जातो, चेहरा सुजतो. पालथं करण्याआधी मलम, पट्टी, आणि नंतर दर काही तासांनी मान फिरवताना डोळ्यावर दाब नाही ना हे हात घालून बघायचं. 2021 च्या एप्रिलमध्ये हे सगळं प्रत्येकासाठी करायला माणसंच नव्हती. ते मला आजही टोचतं.

सातपुडा_पायथा

शहाद्याहून लिहिते. माझे सासरे घरीच आहेत, पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेले. उजवा डोळा झोपेत मिटत नाही. इथे बाहेर 44 अंश, घरात कूलर. डोळ्यातून सतत पाणी येतं, म्हणून मला वाटायचं कोरडेपणा नसेल. हा धागा वाचून शंका आली. घरी पट्टी लावू का?

नेत्रवैद्य_भुसावळ

ताई, बरं झालं विचारलंत. पाणी येतंय म्हणजे कोरडं नाही, हा समज फार पसरलेला आहे. पृष्ठभाग टोचायला लागला की डोळा प्रतिक्रिया म्हणून पाणी सोडतो, ते गालावर ओघळून जातं. खालची पापणी सैल असेल तर अश्रू थांबतच नाहीत.

एकदा नेत्रतज्ज्ञांना दाखवाच, आणणं जमत नसेल तर घरी यायची विनंती करा. बुबुळाला स्पर्श कळतो का हे तपासायला हवं. स्पर्शच कळत नसेल तर जखम झाली तरी ते तक्रार करणार नाहीत आणि धोका दुप्पट. तोवर कूलर त्यांच्या तोंडासमोरून हलवा, वारा पायाकडून येऊ द्या. दिवसा प्रिझर्व्हेटिव्ह (टिकवण्यासाठी घातलेलं रसायन) नसलेले वंगणाचे थेंब, रात्री झोपताना मलम. पट्टी लावायला कुणा सिस्टरकडून समोर बसून शिका, मग लावा. डोळा लाल किंवा पांढरा ठिपका दिसला तर पट्टी लावून झाकून ठेवू नका, दाखवा.

तापीकाठ

मध घरीच ठेवला. काल विचारलं. मलम चालू होतं पण वेळ चुकत होती, सिस्टरनेच प्रामाणिकपणे सांगितलं. नेत्रतज्ज्ञ आज सकाळी येऊन गेले, हिरवा रंग थोडासाच धरला, वरवरचं आहे म्हणाले. आज पडदा लावलाय. सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

कपाशी_पारोळा

तापीकाठ, तुमचा प्रतिसाद मी दादाला मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला.

त्याच्याबद्दल: कॉर्नियाच्या तज्ज्ञांना दाखवलं. फुलामुळे बुबुळाचा पृष्ठभाग वेडावाकडा झालाय, म्हणून आधी कडक कॉन्टॅक्ट लेन्स लावून किती सुधारतं ते बघणार. बुबुळ बदलायचा विचार डोळा बरेच महिने शांत राहिला तरच. ट्रॅक्टर तो उजव्या डोळ्यावर चालवतो, पण रात्री नाही.

आई हा धागा ऐकते. तिने एकच विचारायला सांगितलंय. तो डोळा बघत नव्हता हे तिला पटलं, पण ती रोज जे बोलली ते त्याला ऐकू गेलं असेल का? तिला वाटतं ती उगाच उघड्या डोळ्याशी बोलत बसली, आणि तेवढ्या वेळात कुणाला हाक मारली असती तर.

रात्रपाळी

मावशींना सांगा, हाक मारायचं काम आमचं होतं, त्यांचं नाही. गुंगीत असलेल्यांना काय ऐकू येतं हे प्रत्येकाचं वेगळं असतं, पण जागे झाल्यावर आवाज ओळखणारे, कुणी काय म्हणालं ते सांगणारे मी खूप बघितलेत. दादांना विचारा ना.

कपाशी_पारोळा

विचारलं. फोटो-बिटो काही आठवत नाही म्हणाला. माय कपाशीला पाणी भरल्याचं सांगत होती, ते आठवतं. ते तिने चौथ्या की पाचव्या दिवशी सांगितलं होतं.

आई तेव्हापासून ओट्यावर बसली आहे, कुणाशी बोलत नाही, पण चेहरा निराळा आहे.

आणि हे आत्ताच रुग्णालयातून येऊन लिहितोय. शेजारच्या पोराला मोटरसायकलचा अपघात झाला, डोक्याला मार, कालपासून व्हेंटिलेटर. त्याच्या वडिलांबरोबर गेलो होतो. मी आत जाऊन आधी पापण्या बघितल्या. उजवीकडे फट होती, पांढरं दिसत होतं. सिस्टरला सांगितलं. ती आली, टॉर्च मारली, दिव्याची रेघ सरळ होती. तिने खालची पापणी ओढून मलम घातलं, मिटवली, घड्याळाकडे बघून तक्त्यावर 6:10 लिहिलं. 10 वाजता परत लावते म्हणाली.